नळातून आलेली नदी

मे महिन्यात नागपूरला येणाऱ्या पाहुण्याला मी एकदा तरी पंचशील चौकाच्या पुलावर नेऊन उभे करतो. पाहुणा नाकाला रुमाल लावतो, ते ठरलेलेच. वासाचे राहू द्या, मी म्हणतो, पाणी किती आहे ते पाहा. पारा पंचेचाळीसच्या घरात, पावसाळा संपून सात-आठ महिने झालेले, वर अंबाझरीचा सांडवा कोरडा ठणठणीत. विदर्भातल्या या आकाराच्या नद्या या दिवसांत वाळूचे पट्टे होऊन पडलेल्या असतात. ही मात्र वाहते. काळी, फेसाळ, पण वाहते.

काही वर्षांपूर्वी मी हा खेळ जरा नेटाने केला. ओळीने पाच-सहा रविवार पहाटेपासून दुपारपर्यंत काठावर बसून, दगडांच्या सांध्यांवरून पाण्याची पातळी टिपून ठेवली. सकाळ सरता सरता पातळी चढायची, दुपारी उतरायची. पावसाचा किंवा झऱ्याचा असा काही नियम नसतो. हा नियम आंघोळीचा, धुण्याचा आणि भांड्यांचा आहे. उन्हाळ्यातली नाग नदी म्हणजे शहराचा नळ. थोडी उशिरा दिसणारी, एवढेच.

नाग नदीवर आमच्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्याचा सूर बहुधा एकच असतो: पूर्वी निर्मळ नदी होती, आपण तिचे गटार केले. हे खोटे नाही, पण त्यातून कळत काही नाही. वाडीजवळच्या लाव्याच्या टेकड्यांतून निघणारा हा प्रवाह मुळात पावसाळी असावा, आणि उन्हाळ्यात त्याला डोहांपलीकडे फारसे पाणी नसावे, असे मला वाटते. बारमाही तर आपणच तिला केले. म्हणून तिच्या प्रदूषणाचा इतिहास गटारापासून नव्हे, नळापासून सुरू केला पाहिजे, अशा मताला मी हळूहळू येऊन ठेपलो. मी अभियंता नाही. जुनी गॅझेटियरे, जनगणनेचे आकडे, नकाशे आणि पायपीट एवढीच माझी साधने.

नागपूरची जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरते. अंबाझरी, तेलंगखेडी, गोरेवाडा ही मोठी पाणीसाठ्याची ठिकाणे सगळी वरच्या अंगाला. बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा वाड्या-वस्त्या एकत्र करून शहर वसवले, ते नागच्या काठी. नावही तिच्यावरूनच पडले. त्याच्यामागून चांद सुलतानाच्या काळात जुम्मा तलाव झाला, पुढे भोसले आले. तेव्हा शहराची तहान विहिरी आणि तलाव भागवत होते. घरात येणारे पाणी माणसाने खांद्यावर किंवा कमरेवर वाहून आणलेले असे, आणि जे पाणी वाहून आणावे लागते ते कोणी उधळत नाही. वापरलेले पाणी परसातल्या अळवाला जाई. नदीपर्यंत पोचण्याइतके ते उरतच नसे.

१८७०च्या दशकात इंग्रज अमलात अंबाझरीचा बांध वाढवून शहरात नळ आले. १९०१च्या जनगणनेत नागपूरची वस्ती होती १,२७,७३४. पुढे १९११-१२च्या सुमारास गोरेवाडा आला, स्वातंत्र्याच्या आधीच कन्हान नदीवरची योजना आली, आणि ऐंशीच्या दशकात पेंच. पेंचचे पाणी आले तेव्हा मी शाळेत होतो. महालातल्या आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडांत एक नळ होता आणि त्यापुढे रात्रीच लावून ठेवलेल्या बादल्यांची रांग. पेंचनंतर वर्ष-दोन वर्षांत रांग गेली, बिऱ्हाडागणिक नळ झाला. त्यापाठोपाठ टोपलीचा संडास गेला आणि फ्लशचा आला.

हा शेवटचा बदल मला सर्वांत मोठा वाटतो, आणि तोच आम्ही कधी बोलून दाखवत नाही. वाड्याच्या मागच्या बोळातून सकाळी एक बाई येत असे. तिला आम्ही नावाने ओळखत नव्हतो. तिच्या येण्याच्या वेळी आम्हा मुलांना आत बोलावून घेत. शहराचा मैला पिढ्यानपिढ्या एका जातीच्या डोक्यावरून शहराबाहेर गेला. ते काम पुढे पाण्याने करायला घेतले, आणि ते पाणी नाग नदीत गेले. त्या बाईची सुटका झाली याचा आनंदच मानला पाहिजे. पूर्वीच्या निर्मळ नदीच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की ती निर्मळ ठेवण्याची किंमत कोण मोजत होते?

पेंचच्या पाण्याचा हिशेब भूगोलाच्या अंगानेही पाहण्यासारखा आहे. पेंच नदी सातपुड्यातून उतरते, तोतलाडोह आणि नवेगाव खैरीच्या धरणांत अडते, आणि उरलेली बिना संगमाशी कन्हानला मिळते. धरण नसते तर ते पाणी कन्हानलाच गेले असते. आता त्यातला मोठा वाटा कालव्याने आणि जलवाहिनीने नागपूरला येतो, घराघरांतून फिरतो, नागमध्ये उतरतो, आणि नाग पुढे पिवळी नदीला पोटात घेऊन पुन्हा कन्हानलाच मिळते. तीच नदी, तेच पाणी. मधला फेरा तेवढा आपल्या स्वयंपाकघरांतून आणि न्हाणीघरांतून. रामटेक, पारशिवनी, मौद्याच्या धानासाठी म्हणून बांधलेल्या धरणातून शहराचा वाटा वाढत गेला तसा शेतकऱ्यांचा आक्रोशही वाढला. तो आक्रोश वर्तमानपत्रांत दरसाल येतो. पण तेच पाणी खाली कुही तालुक्यात काळे होऊन शेतात चढते याची जोड कोणी घालत नाही.

आता आकडे. २०११ साली शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ होती. म्हणजे एकशे दहा वर्षांत जवळजवळ एकोणीस पट. माणशी दररोज १३५ लिटर पाणी द्यावे आणि त्याच्या ऐंशी टक्के सांडपाणी होते असे धरावे, हा आपल्या सरकारी अभियंत्यांचा ठोकताळा. त्या हिशेबाने २४ लाख माणसांचे दररोजचे सांडपाणी २६ कोटी लिटर व्हायला हवे. अभियंत्यांच्या भाषेत २६० एमएलडी, म्हणजे दिवसाला २६० दशलक्ष लिटर. प्रत्यक्षात शहर उचलते ते पाणी ६०० एमएलडीच्या पुढे, आणि सांडपाण्याचा अंदाज ५०० एमएलडीच्या वर दिला जातो. २०१२पासून चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली, तिचे देशभर कौतुक झाले. जितके पाणी आत येईल त्याच्या चार पंचमांश बाहेर पडेल, हे त्या कौतुकात कोणाला आठवले असेल असे वाटत नाही.

हे बाहेर पडणारे पाणी जाते भांडेवाडीला. शहराच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, उताराच्या तळाशी. साठच्या दशकापासून शहराचा कचराही तिथेच. पश्चिमेला तलाव आणि बंगले, पूर्वेला कचरा आणि मैला: नागपूरचा सामाजिक नकाशा असा उतारावरूनच काढता येतो. भांडेवाडीला आधी १०० एमएलडीचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र होते. पुढे महानिर्मितीच्या कोराडी औष्णिक केंद्रासाठी १३० एमएलडीचे नवे केंद्र झाले, आणि जुन्या १०० एमएलडीच्या केंद्राचे पुनरुज्जीवन करून ते २०० एमएलडीचे केले गेले. नळाची योजना दीडशे वर्षे जुनी आणि शुद्धीकरणाचा खरा जोर गेल्या काही वर्षांतला, हे अंतरच सारे काही सांगते.

असे केंद्र म्हातारे होते म्हणजे काय होते, हे मी एका निवृत्त तंत्रज्ञाकडून समजून घेतले. मैला खाणारे जिवाणू पाण्यातच असतात. त्यांना हवा दिली की ते झपाट्याने वाढतात, घाण खातात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. सगळी करामत हवेची. टाकीच्या तळाशी हवा सोडणारी रबरी पटले काही वर्षांत चोंदतात, फाटतात, हवेचे बारीक बुडबुडे जाऊन मोठे गुळगुळे यायला लागतात. पंप झिजतात. विजेचे बिल मात्र तेवढेच राहते, उलट वाढते. आणि तळाचा गाळ वेळच्या वेळी उपसला नाही तर तो शुद्ध झालेल्या पाण्याबरोबरच बाहेर पडतो. "धरण म्हातारे झाले तरी पाणी अडवते. आमचे केंद्र पंधरा दिवस बंद ठेवले तर जिवाणू मरतात आणि पहिल्यापासून सुरू करावे लागते," असे ते म्हणाले. उद्घाटनाची कोनशिला लावता येते. पटले बदलल्याची कोनशिला कोणी लावत नाही.

पण म्हातारे केंद्र हा प्रश्नाचा निम्माच भाग. उरलेला निम्मा जमिनीखाली आहे. सांडपाणी केंद्रापर्यंत पोचायला आधी ते नळीत असावे लागते. जुन्या वस्त्यांतल्या सांडपाण्याच्या वाहिन्या फुटक्या, आणि पूर्व-दक्षिण नागपुरातल्या ले-आउटांत त्या फार उशिरा आल्या. ५७२ आणि १९०० हे आकडे नागपूरकराला समजावून सांगावे लागत नाहीत. ती आमच्याकडे अनधिकृत ले-आउटांची नावेच झाली आहेत. शेतजमिनीचे तुकडे पाडून घरे झाली, मग रस्ता आला, मग दिवे, मग नळ. सांडपाण्याची वाहिनी नेहमी शेवटी. तोपर्यंत सेप्टिक टँकची सांडणी जवळच्या नाल्यात, नाला नागमध्ये.

आता ज्याचे सर्वांत कौतुक होते त्या कोराडीच्या पाण्याविषयी. भांडेवाडीत शुद्ध केलेले पाणी वीजकेंद्राला द्यायचे आणि त्याच्या बदल्यात वीजकेंद्राने पेंचचे चांगले पाणी सोडायचे, ही कल्पना खरोखर उत्तम आहे. देशात एवढ्या मोठ्या प्रमाणावर असे प्रयोग थोडे. महापालिकेला पैसे मिळतात, केंद्र चालू ठेवायला कोणाचा तरी तगादा राहतो. सांडपाणी केंद्राला गिऱ्हाईक असणे हे त्याच्या दीर्घायुष्याचे पहिले औषध, असे मी आता मानतो. तरीही एक गोष्ट राहते. शुद्ध झालेले पाणी कोराडीच्या शीतमनोऱ्यांतून वाफ होऊन जाते. नागमध्ये राहते ते मुख्यतः शुद्ध न झालेले. जे पाणी नदीतली घाण थोडी पातळ करू शकले असते, तेच नदीतून काढून घेतले जाते. आणि वाचलेले पेंचचे पाणी? ते शहराच्या नळाला येते, म्हणजे पुन्हा चार पंचमांश नागमध्ये.

इथे एक आडवाट घेतो, कारण ती पुढे कामाला येणार आहे. शुद्ध केलेल्या सांडपाण्यात किती घाण राहिलेली चालेल, याचा जगभर वापरला गेलेला आकडा इंग्लंडमधून आला. तिथल्या सांडपाणीविषयक रॉयल कमिशनने १९१२च्या आपल्या आठव्या अहवालात तो ठरवला: लिटरमागे ३० मिलिग्रॅम तरंगता गाळ, आणि जिवाणूंना घाण पचवायला लागणारा प्राणवायू, म्हणजे बीओडी, २० मिलिग्रॅम. हा २० कुठून आला? कमिशनने गृहीत धरले होते की सांडपाण्याच्या एका भागाला नदीत निदान आठ भाग स्वच्छ पाणी मिळेल, आणि त्या स्वच्छ पाण्याचा बीओडी २ असेल. मग वीस अधिक आठ दुणे सोळा, छत्तीस, भागिले नऊ. उत्तर चार. चारपर्यंत नदी त्रास देत नाही, असा त्यांचा अनुभव. बीओडीची चाचणी पाच दिवसांची ठेवली तीही ब्रिटनमधल्या नदीचे पाणी एवढ्या काळात समुद्राला मिळते म्हणून, असे सांगतात.

हा २० आणि ३०चा आकडा आपणही घेतला. चाचणी उष्ण हवामानासाठी बदलून २७ अंशांवर तीन दिवसांची केली. तेवढे शहाणपण दाखवले. पण आठ भाग स्वच्छ पाण्याचे काय? मे महिन्यातल्या नागमध्ये सांडपाण्याला भेटायला एकही भाग स्वच्छ पाणी नसते. सांडपाणी हीच नदी असते. म्हणजे उद्या भांडेवाडीचे प्रत्येक यंत्र नवेकोरे होऊन नेमाने २०चा आकडा देऊ लागले, तरी नदीचा आकडा २०च राहणार. आपल्याकडे नदीत आंघोळ करण्यासाठी बीओडी ३ च्या आत हवा, असा निकष आहे. टेम्सच्या कृपेने पास होणारे पाणी नागमध्ये नापासच होते.

याची जाणीव असलेली माणसे याच शहरात होती, ही त्यातली बोचणारी गोष्ट. सांडपाणी शुद्ध करण्याची जिवाणूंची पद्धत १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी जगापुढे मांडली. तिला वीज लागते, यंत्रे लागतात. ऊन भरपूर आणि पैसा थोडा अशा देशाने काय करावे? १९५८ साली नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. तीच १९७४पासून आपली 'नीरी'. या संस्थेतल्या सोली आर्सीवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उथळ तळ्यांत ऊन आणि शेवाळ यांच्या मदतीने सांडपाणी शुद्ध करण्याच्या पद्धतीवर १९७० साली पुस्तिका काढली. भारतीय परिस्थितीत ही तळी कशी आखायची, बांधायची, चालवायची याची ती पुस्तिका. देशाला सांडपाण्याचे धडे देणारी संस्था वर्धा रोडवर, आणि तिच्यापासून काही किलोमीटरवर नाग. तळ्यांना जागा लागते, आणि शहराच्या पूर्वेची जागा तोवर भूखंडांच्या भावाने विकली जाऊ लागली होती.

पारडी, भरतवाडा ओलांडून पावनगावच्या पुढे गेले की नागचे रूप पालटते. घाट नाहीत, भिंती नाहीत, दोन्ही काठांवर शेते. आणि दर दोन-तीनशे पावलांवर नदीत सोडलेला मोटारपंपाचा पाइप. मी एका शेतकऱ्याला विचारले, हे पाणी चालते? त्याने माझ्याकडे शहरी माणसाकडे पाहावे तसे पाहिले. "भाऊ, मे महिन्यात आजूबाजूले पाणी कुठं आहे ते दाखवा. अन् याले खत बी लागत नाही." तो खरे बोलत होता. त्याची पालक आणि मेथी तरारून आली होती. त्याच्या पोटऱ्यांवर खाजेचे काळे डाग होते, तेही त्यानेच दाखवले. घरच्यासाठी वेगळा वाफा होता, विहिरीच्या पाण्यावरचा. नदीवरची भाजी पहाटे शहरात जाते.

आणि मग गोसेखुर्द. वैनगंगेवरच्या या धरणाचा पाया २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते घातला गेला. अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट, ३३ दरवाजे. धरणात पाणी अडू लागेपर्यंत नागची घाण कन्हानमधून वैनगंगेत आणि तिथून पावसाळ्याच्या पुराबरोबर दूर जात असे. आता ती थांबली. कन्हानचे पाणी वैनगंगेला मिळते ते भंडाऱ्याच्या खालच्या अंगाला. म्हणजे साध्या नदीत भंडाऱ्याला त्याची झळ लागायला नको. पण धरणाचा फुगवटा भंडाऱ्यापर्यंत मागे सरकला, आणि नागपूरचे सांडपाणी ज्या शहराच्या खालून जात होते त्याच्या पिण्याच्या पाण्याकडे उलटे चढू लागले. वैनगंगेवर पाणी पिणाऱ्या भंडारेकरांनी त्यावरून मोर्चे काढले, निवेदने दिली. साचलेल्या पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, दुरून तो सुंदरही दिसतो.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात पंतप्रधानांच्या हस्ते नाग नदीच्या प्रदूषण-निवारण योजनेची कोनशिला बसली. खर्च १,९२५ कोटींहून अधिक. पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे, काही तासांच्या पावसात अंबाझरी ओसंडली आणि नागने काठावरच्या वस्त्यांत घुसून माणसे मारली. शहराला त्या दिवशी आठवले की ही नदीही आहे. महिन्याभरात विसरही पडला.

माझी पायपीट संपली अंभोऱ्याला. वैनगंगा, कन्हान, आम, कोलारी, मुर्झा अशा पाच नद्यांचा हा संगम. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ, खाली गोसेखुर्दचे अथांग पाणी, आणि वर नवा केबलचा पूल, तो पाहायला शहरातून गर्दी येते. मराठीतला पहिला ग्रंथ म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो मुकुंदराजांचा 'विवेकसिंधू', शके १११०चा, म्हणजे इ.स. ११८८चा. तो मराठवाड्यातल्या अंबेजोगाईत झाला की इथे वैनगंगेच्या काठी, हा जुना वाद आहे, आणि विदर्भातल्या माणसाने त्यात कोणती बाजू घ्यायची हे सांगायला नको. इथले पुजारी पाच नद्या बोटांवर मोजून दाखवतात. नाग त्यांत नाही. ती कन्हानच्या पोटात येते.

काठावर एक ढिवर जाळे सोडवत बसला होता. मी नागपूरचा हे त्याने माझ्या चपलांवरून ओळखले असावे. "आधी डोंग्यातून जाता जाता ओंजळीनं पाणी पीत होतो जी," तो म्हणाला. राग नव्हता त्याच्या बोलण्यात, एखाद्या लांबच्या नातेवाइकाची चौकशी करावी तसा सूर होता. त्याच्या टोपल्यात दोन मरळ आणि काही बारीक मासळी होती. मी विकत घेतो म्हटल्यावर त्याने मासे धुवायला घेतले. समोर पाच नद्यांचे पाणी पसरलेले, आणि तो डोंग्यात ठेवलेल्या प्लास्टिकच्या कॅनकडे वळला. घरून येताना तो हातपंपाचे पाणी भरून आणत असे.